पाळी जाण्याच्या वयातील त्रास: सोसायचे किती आणि उपचार कधी घ्यायचे?

कळंबा_रोड
नमस्कार. माझे वय ४६ आहे. गेल्या वर्षभरापासून माझी पाळी कधी दीड-दोन महिने येत नाही, आणि आली की आठवडा उलटून गेला तरी थांबत नाही. पहिले तीन-चार दिवस अंगावरून इतके जाते की शाळेत सलग दोन तास वर्गावर उभे राहण्याची धास्ती वाटते. पहाटे तीनच्या सुमारास जाग येते, छातीपासून डोक्यापर्यंत वाफ चढते, दरदरून घाम सुटतो आणि पुन्हा डोळा लागत नाही. दिवसा चिडचीड होते, ओळखीच्या विद्यार्थ्यांची नावे ऐन वेळी आठवत नाहीत.

मला आतापर्यंत दोनच सल्ले मिळाले आहेत. घरातल्या मोठ्या बायकांचे म्हणणे असे की या वयात सगळ्यांचेच असे होते, वर्ष-दोन वर्षे कळ काढावी. एका दवाखान्यात मात्र सोनोग्राफी होण्याआधीच ‘मुले झाली आहेत ना, मग पिशवी काढून टाकू’ असे सांगण्यात आले. सोसणे आणि काढून टाकणे यांच्या मधली वाट कोणती, ती कोणी चोखाळली आहे का, आणि यातले किती नैसर्गिक व किती तपासून घेण्यासारखे, हे मला समजून घ्यायचे आहे.

राजारामपुरी_९वी_गल्ली
ताई, आधी एक सांगा. हिमोग्लोबिन तपासले आहे का? माझ्या धाकट्या जावेला असेच होत होते आणि सगळे जण तिच्या चिडचिडीला दोष देत होते. तपासल्यावर हिमोग्लोबिन साडेसात निघाले. जिना चढताना धाप लागणाऱ्या बाईने हसतमुख कसे राहायचे, हा प्रश्न मग कोणी तिला विचारला नाही.

निवृत्त_स्त्रीरोगतज्ज्ञ
मी करवीर तालुक्यात अनेक वर्षे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केले आहे. येथे कोणाचे निदान करता येणार नाही, पण शरीरात काय चालते ते सविस्तर सांगते, कारण ते कळले की अर्धी भीती कमी होते.

पाळी एका रात्रीत बंद होत नाही. बीजकोषांतील बीजे कमी होत जातात, तेव्हा काही महिन्यांत बीज बाहेर पडतच नाही. बीज बाहेर पडले नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, म्हणून या काळात आधी उतरते ते प्रोजेस्टेरॉन. इस्ट्रोजेन हे दुसरे हार्मोन सरळ रेषेत कमी होत नाही. ते कधी नेहमीपेक्षाही वर जाते आणि कधी एकदम खाली येते. प्रोजेस्टेरॉनचा लगाम नसताना इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते आणि पुढे ते अनियमितपणे, भरपूर गळते. कळंबा रोड यांच्या पाळीचे वर्णन या प्रकाराशी जुळते, मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही. फायब्रॉइडच्या गाठी, अस्तरातील पॉलिप (लहान वाढ), ॲडेनोमायोसिस (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणे), थायरॉइडचा बिघाड आणि क्वचित अस्तराचा कर्करोग यांमुळेही असाच रक्तस्राव होतो.

म्हणून पंचेचाळिशीनंतर असा त्रास असेल तर रक्ताची पूर्ण तपासणी, थायरॉइडसाठी टी.एस.एच., योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी आणि बहुतेक वेळा अस्तराचा लहानसा नमुना काढून केलेली बायोप्सी, एवढे झाल्याशिवाय शस्त्रक्रियेचे बोलणेच निघू नये. वय जास्त असेल किंवा वजन, मधुमेह हे धोके असतील तर बायोप्सी टाळू नये.

आणखी एक गोष्ट. पंचेचाळिशीपुढे लक्षणे स्पष्ट असतील तर एफ.एस.एच. या बीजकोषांना चालना देणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी करून ‘पाळी जाणार की नाही’ ते ठरवण्याची गरज नसते. या काळात तो आकडा आज वर आणि पुढच्या महिन्यात खाली असू शकतो. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मागे वळून म्हणायचे. भारतीय स्त्रियांमध्ये ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी होते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. त्याआधीचा चढउताराचा काळ चार वर्षांच्या आसपास चालतो, काहींचा त्याहून बराच लांबतो. चाळिशीच्या आत पाळी गेली तर मात्र त्याला ‘लवकर गेली’ म्हणून सोडून न देता तपासून उपचार घ्यायचे असतात.

भट्टीवाला_उद्यमनगर
एका पुरुषाने येथे लिहिणे कितपत योग्य आहे ते माहीत नाही, पण वाचतो आहे आणि बरेच समजते आहे. आमच्या फाउंड्रीत भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाला सुटणार नाही इतका घाम सौभाग्यवतींना ऐन डिसेंबरात सुटतो. पंखा पाचवर आणि मी दोन रजया घेऊन, असा आमचा संसार सध्या चालू आहे. डॉक्टर, हा घाम नेमका येतो कशामुळे? आणि तो किती दिवस चालतो, हे विचारण्याचे धाडस मी घरात करू शकत नाही.

जुना_वाडा_शिवाजी_पेठ
दोन रजया सोसणाऱ्या नवऱ्याची नोंद इतिहासाने घ्यावी.

निवृत्त_स्त्रीरोगतज्ज्ञ
भट्टीवाला, तुमचा प्रश्न योग्यच आहे. शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये असते. तापमानात थोडा फरक पडला तरी एरवी ते केंद्र हलत नाही. इस्ट्रोजेन उतरले की तेथील काही चेतापेशी जास्त सक्रिय होतात आणि चालण्याजोग्या फरकाची ती पट्टी अरुंद होते. मग किंचित उष्णता वाढली तरी मेंदू ‘शरीर तापले’ असे समजतो, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुलवतो आणि घाम आणतो. घाम ओसरला की थंडी वाजते तीही त्यामुळेच. हे मनाचे खेळ नाहीत. याच चेतापेशींवर नेमके काम करणाऱ्या फेझोलिनेटँट या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यात हार्मोन नसते, पण घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

किती दिवस, याचे उत्तर थोडे कडू आहे. ‘वर्ष-दोन वर्षे कळ काढ’ हा सल्ला बहुतेकींना पुरत नाही. अमेरिकेत हजारो स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या ‘स्वान’ या अभ्यासात, ज्यांना हा त्रास वारंवार होत होता त्यांच्यात त्याचा मध्यक कालावधी ७.४ वर्षे आढळला. इतकी वर्षे झोप मोडून घेणे म्हणजे सोशिकपणा नव्हे, असे माझे मत आहे.

शिरोळची_लेक
मूळ प्रश्नातल्या ‘पिशवी काढून टाका’ या सल्ल्याबद्दल लिहिते, कारण आमच्या भागात हा सल्ला फार सहज दिला जातो आणि फार सहज स्वीकारला जातो.

आमच्याकडे साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार येतात. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि खाडा झाला तर पैसे कापले जातात. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीचे दिवस असले तरी मोळी डोक्यावर घ्यायचीच. अशा परिस्थितीत अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, जास्त रक्त जाणे या तक्रारींवर तिशी-पस्तिशीतच गर्भाशय काढल्याची उदाहरणे बीड जिल्ह्यात मोठ्या संख्येने उघड झाली आणि २०१९ मध्ये राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पुढे २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्यास सांगितले.

आमच्या बचत गटाच्या कामात अशा बायका भेटतात. एकीचे वय छत्तीस आहे. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोषही काढलेले आहेत, हे तिला कागद वाचून आम्ही सांगितले. गुडघे, कंबर, झोप, सगळ्याच तक्रारी आहेत आणि ती म्हणते की ‘पाळीची कटकट गेली म्हणून सुटले असे वाटले होते’. शाळेत शिकवणाऱ्या ताईंना निदान प्रश्न विचारता येतो; फडातल्या बाईला तोही विचारता येत नाही.

विद्यापीठ_परिसर
शिरोळच्या ताईंचे म्हणणे गंभीर आहे आणि ते मला मान्य आहे, पण धाग्याचा सूर शस्त्रक्रिया म्हणजे फसवणूकच असा होऊ नये, म्हणून माझा अनुभव लिहिते. मला मोठे फायब्रॉइड होते. गोळ्या झाल्या, इंजेक्शने झाली, दोनदा रक्त चढवावे लागले. शेवटी ४८ व्या वर्षी गर्भाशय काढले आणि बीजकोष ठेवले. तो निर्णय मी दोन वेगवेगळ्या डॉक्टरांशी बोलून, अहवाल समोर ठेवून घेतला. त्यानंतर मी माणसात आले. ज्या बाईला खरोखर गरज आहे तिने इतरांच्या कथा वाचून आणखी वर्षभर रक्त घालवत बसू नये.

शिरोळची_लेक
वहिनी, आपल्यात मतभेद नाहीच. तुम्हाला दोन डॉक्टर, अहवाल आणि विचार करायला वेळ मिळाला. माझी तक्रार या तीन गोष्टी न मिळण्याबद्दल आहे.

निवृत्त_स्त्रीरोगतज्ज्ञ
दोघींचेही बरोबर आहे. गर्भाशय काढणे आणि बीजकोष काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ‘बीजकोष ठेवणार की काढणार’ हे प्रत्येकीने स्पष्ट विचारावे. नुसते गर्भाशय काढले तर पाळी थांबते, पण बीजकोष काम करत राहतात; काहींमध्ये ते थोडे लवकर थकतात इतकेच. दोन्ही बीजकोष काढले तर हार्मोन एका दिवसात कोसळतात आणि लक्षणे फार तीव्र येतात. पंचेचाळिशीच्या आत असे झाले तर हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून विशेष अडचण नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन देण्याची शिफारस आहे. त्या छत्तीस वर्षांच्या ताईंना कोल्हापूरच्या सी.पी.आर. या सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात जरूर दाखवा, आणि शस्त्रक्रियेचा कागद बरोबर न्या.

मधली वाट कळंबा रोड यांनी विचारली आहे. तपासण्यांत गंभीर काही नसेल तर रक्तस्रावासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या केवळ जास्त रक्तस्रावाच्या दिवसांत घेता येतात. त्या हार्मोनच्या नाहीत. प्रोजेस्टेरॉनच्या प्रकारातल्या गोळ्या आहेत. गर्भाशयात बसवायची, लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारी हार्मोनची कॉपर-टीसारखी उपकरणे आहेत. पहिले काही महिने थोडे थोडे डाग पडतात, पण पुढे बहुतेकींचा रक्तस्राव फार कमी होतो. शस्त्रक्रिया या यादीत आहे, फक्त ती पहिली नाही.

औषध_दुकान_लक्ष्मीपुरी
गोळ्यांचा विषय निघाला म्हणून दुकानाच्या बाजूने सांगतो. नवरात्र जवळ आले की आमच्याकडे पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची मागणी एकदम वाढते. अंबाबाईचे दर्शन, घट, पाहुणे, सगळे खरे आहे. परंतु चाळिशीच्या पुढच्या, आधीच पाळी मागेपुढे होणाऱ्या भगिनी मैत्रिणीच्या सांगण्यावरून नॉरएथिस्टेरॉन मागतात आणि चिठ्ठी मागितली की रागावतात. ही गोळी मोठ्या मात्रेत घेतल्यावर तिचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनच्या प्रकारात बदलतो. ज्यांच्या पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली आहे, त्यांनी ती घेणे धोक्याचे ठरते. शिवाय गोळ्या थांबवल्यावर होणारा रक्तस्राव हीच पाळी समजली जाते आणि मूळ बिघाड झाकला जातो.

आक्का_गडहिंग्लज
मी सत्तरी ओलांडली आहे. आमच्या वेळी कोणी यावर बोलत नव्हते हे खरे, पण तेवढेच खरे नाही. पाळी गेली तेव्हा मला मोकळे वाटले होते. चार दिवस बाजूला बसणे संपले, देवघर माझे झाले, जत्रेला कधी जायचे याचा हिशोब संपला, पुन्हा दिवस राहतील ही धाकधूक संपली. तुम्ही सगळ्या नुसता त्रासच लिहीत आहात म्हणून हेही लिहिले. सोसायला मात्र मी सांगणार नाही. माझे मनगट अंगणात साधे घसरून मोडले, तेव्हा डॉक्टर म्हणाले की हाडे आधीच पोकळ झाली होती. ते दहा-पंधरा वर्षे आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

निवृत्त_स्त्रीरोगतज्ज्ञ
आक्का, तुमचा मोकळेपणा खरा आहे, फक्त धाकधुकीबद्दल एक तळटीप जोडते. पाळी मागेपुढे होत असताना गर्भ राहू शकतो. शेवटची पाळी पन्नाशीच्या आत आली असेल तर त्यानंतर दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवावे.

हाडे_आणि_स्नायू
आक्कांनी हाडांचा विषय काढला ते फार चांगले झाले. मी फिजिओथेरपिस्ट आहे. इस्ट्रोजेन हाडांची झीज रोखून धरत असते. ते उतरले की पाळी जाण्याच्या आसपासची पहिली काही वर्षे हाडांची घनता सर्वांत वेगाने घटते आणि त्याचे कोणतेही लक्षण जाणवत नाही. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, म्हणतात. ६५ च्या पुढे सर्वांनी ती करावी, आणि पाळी लवकर गेली असेल, साध्या पडण्याने हाड मोडले असेल, स्टिरॉइड चालू असतील किंवा आईचे खुब्याचे हाड मोडले असेल तर आधीच करावी.

आपल्याकडे व्यायाम म्हणजे रंकाळ्याला फेरी, एवढीच कल्पना आहे. फेरी उत्तमच आहे, हृदयाला, झोपेला आणि गप्पांनाही. पण स्नायू आणि हाडे टिकवायची तर वजन उचलणे आठवड्यातून निदान दोनदा हवे. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला रेटून जोर, पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन व्यायाम, येथून सुरुवात करता येते. तालमीची परंपरा असलेल्या गावात बायकांनी वजन उचलण्याला लाजण्याचे कारण मला कधी कळले नाही.

शिंकताना, हसताना लघवीचे थेंब जाणे ही तक्रार तर बायका वर्षानुवर्षे सांगतच नाहीत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम नीट शिकून निदान तीन महिने रोज केला तर बहुतेकींना चांगला फरक पडतो.

पुण्यातला_कोल्हापूरकर
कॅल्शियमसाठी गंगावेशीतले म्हशीचे धारोष्ण दूध पुरेसे आहे, असे आमच्या आईचे ठाम मत आहे. तांबड्या रश्श्याने घाम येतो असे कोणी म्हणाले तर ती त्याला बाहेरचा समजते.

हाडे_आणि_स्नायू
आईंना नमस्कार सांगा आणि दूध उकळून घ्यायला सांगा. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असते. दोन वेळचे दूध-दही, नाचणीची भाकरी किंवा आंबील, तीळ आणि पालेभाज्या यांतून बराच भाग भरतो, उरलेला गोळीतून घ्यावा. गच्चीवर वाळवण घालणाऱ्या पिढीपेक्षा आपण उन्हात फारच कमी जातो, त्यामुळे ड जीवनसत्त्वही तपासावे. तांबड्या रश्श्याचा निकाल मी देणार नाही. तिखट, कडक चहा किंवा मद्य घेतल्यावर कोणाला वाफा वाढतात आणि कोणाला नाही. आपले आपण वहीत लिहून पाहावे.

वैद्यांची_सून
या चर्चेत आयुर्वेदाचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून लिहिते. शतावरी, अशोकारिष्ट, दूर्वांचा रस यांनी आमच्या घरातल्या बायकांनी हा काळ काढला. हार्मोनच्या गोळ्यांनी स्तनाचा कर्करोग होतो हे तर सर्वांना माहीत आहे. मग नैसर्गिक मार्ग सोडून त्या कशासाठी घ्यायच्या?

औषध_दुकान_लक्ष्मीपुरी
वहिनी, शतावरीला माझा विरोध नाही. पण गरम वाफा किंवा हाडांची झीज तिने थांबते असे दाखवणारे भक्कम पुरावे माझ्या वाचनात नाहीत. भीती वाटते ती नाव-पत्ता नसलेल्या पुड्यांची. सांधेदुखीवर ‘जादूसारख्या’ लागू पडणाऱ्या पुडीत स्टिरॉइड निघाल्याची उदाहरणे आमच्या धंद्यातील सर्वांना ठाऊक आहेत, आणि स्टिरॉइड हाडे आणखी पोखरते. जे काही चालू असेल ते डॉक्टरांना सांगावे एवढीच विनंती आहे.

निवृत्त_स्त्रीरोगतज्ज्ञ
हार्मोन आणि कर्करोग यांविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण या एका भीतीमुळे दोन दशके असंख्य स्त्रियांना उपचार मिळाले नाहीत.

ही भीती जुलै २००२ मधील आहे. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासाचा इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टिन एकत्र देणारा भाग तेव्हा मुदतीपूर्वी थांबवला गेला. त्या भागात सोळा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या आणि त्यांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षे झाली होती. दरवर्षी दर दहा हजार स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाचे साधारण ८ रुग्ण जास्त आढळले. धोका खरा आहे, पण तो किती आहे हे बातमीत हरवले. गर्भाशय नसलेल्या आणि एकटे इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांच्या गटात तर स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला नाही.

आज साधारण सल्ला असा आहे की वय साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत असेल, त्रास खरोखर होत असेल आणि आड येणारे काही नसेल, तर फायदा धोक्यापेक्षा सहसा जास्त असतो. गर्भाशय असलेल्या स्त्रीला गोळी, जेल किंवा पट्टीतून इस्ट्रोजेन एकटे कधीही देत नाहीत. अस्तराच्या संरक्षणासाठी प्रोजेस्टेरॉन बरोबर लागतेच. त्वचेवर लावायच्या जेलमधून किंवा पट्टीतून दिलेल्या इस्ट्रोजेनमुळे गुठळीचा धोका तोंडावाटे घेतलेल्या गोळीप्रमाणे वाढताना दिसत नाही. स्तनाचा कर्करोग झालेला असणे, कारण न सापडलेला रक्तस्राव, गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा यकृताचा चालू आजार असेल तर हे उपचार देत नाहीत. ज्यांना ते चालत नाहीत त्यांच्यासाठी व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन अशी दुसरी औषधे आहेत आणि विचार-वर्तन पद्धतीच्या समुपदेशनानेही वाफांचा जाच व झोपमोड कमी होते.

वैद्यांच्या सूनबाई, कोणी काय घ्यावे हे मी ठरवत नाही. माहिती नसल्यामुळे नाकारू नये, एवढेच.

वैद्यांची_सून
सरासरी वय ६३ होते ही गोष्ट मी प्रथमच वाचली. शतावरी मी सोडणार नाही, परंतु पुढच्या भेटीत जेलबद्दल विचारीन.

आडोशाने_विचारते
माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारते. तिची पाळी जाऊन चार वर्षे झाली आहेत. वारंवार लघवीला जळजळ होते, प्रतिजैविके घेतली की बरे वाटते आणि पुन्हा तेच होते. कोरडेपणामुळे नवऱ्याजवळ जाण्याची भीती वाटते. हे वयाचेच समजायचे का?

निवृत्त_स्त्रीरोगतज्ज्ञ
मैत्रिणीला सांगा की यावर सोपा उपाय आहे. इस्ट्रोजेन कमी झाल्यावर योनीची आणि मूत्रमार्गाच्या तोंडाची त्वचा पातळ व कोरडी होते, तेथील आम्लता घटते आणि संसर्ग सहज होतो. वाफा काळाबरोबर ओसरतात, हा त्रास मात्र उपचाराशिवाय वाढतच जातो. तेथेच लावायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन क्रीम मिळते. ते रक्तात अत्यल्प जाते आणि मूत्रसंसर्ग वारंवार होणेही कमी करते. आधी लघवीची तपासणी, कल्चर आणि साखर बघून घ्यावी. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर तसे डॉक्टरांना सांगावे.

आडोशाने_विचारते
मैत्रीण आभार मानते आहे. ती उद्याच अपॉइंटमेंट घेणार आहे, असे तिने मला आताच, अगदी जवळून सांगितले.

मन_मोकळे
मी समुपदेशक आहे. नावे न आठवणे, एकाग्रता तुटणे या तक्रारी या काळात फार आढळतात. त्या बहुधा तात्पुरत्या असतात आणि झोप सुधारली की बऱ्याच कमी होतात. त्यांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात समजून घाबरू नये. उदासीनतेचे मात्र वेगळे आहे. ज्यांना पूर्वी नैराश्य किंवा बाळंतपणानंतरचा मानसिक त्रास झाला होता, त्यांना या वर्षांत ते पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. त्यातच मुलांची बारावी, सासू-सासऱ्यांची आजारपणे आणि नोकरी एकत्र येतात, म्हणून सगळे हार्मोनच्या माथी मारणेही बरोबर नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर थांबू नये. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

भट्टीवाला_उद्यमनगर
घरातल्या माणसांनी नेमके काय करावे, हेही कोणी सांगावे. ‘चिडू नकोस’ हे वाक्य उपयोगाचे नाही, एवढा शोध मी लावला आहे.

विद्यापीठ_परिसर
पहाटे जागी झालेल्या बाईला सकाळी सहाचा डबा करायला लावू नका. डॉक्टरांकडे बरोबर जा आणि तेथे तिच्या वतीने उत्तरे देऊ नका. सुती चादरी आणा. बाकी तुमच्या दोन रजया आहेतच.

कळंबा_रोड
सर्वांचे मनापासून आभार. या धाग्यावरची यादी कागदावर उतरवून मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. हिमोग्लोबिन ९.२ निघाले, थायरॉइड ठीक आहे. सोनोग्राफीत एक लहान फायब्रॉइड दिसले, ते अस्तराकडे नाही. बायोप्सीत काळजीचे काही नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत आणि चहा त्यांच्यापासून दूर ठेवायला सांगितला आहे. हिमोग्लोबिन बारावर गेले तरी साठा भरण्यासाठी आणखी तीन महिने त्या घ्यायच्या आहेत. रक्तस्रावासाठी गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे उपकरण घेण्याचे मी ठरवले आहे. वाफांसाठी जेल लागले तर अस्तराच्या संरक्षणाचे कामही तेच उपकरण करील, असे डॉक्टर म्हणाल्या.

एक शंका तेथे विचारायची राहिली. त्या उपकरणाने पाळी जवळजवळ थांबणार असेल, तर माझी रजोनिवृत्ती झाली की नाही हे कळणार कसे? बारा महिन्यांचा हिशोब तर मांडताच येणार नाही.

निवृत्त_स्त्रीरोगतज्ज्ञ
उत्तम निर्णय आहे. ते कळण्याची तुम्हाला तूर्त गरज नाही, कारण रक्तस्राव, अस्तर आणि गर्भनिरोधन या तिन्ही गोष्टी उपकरण सांभाळत असते. पन्नाशी ओलांडल्यावर, उपकरण काढायचे की नाही हे ठरवायची वेळ आली, की एफ.एस.एच. तपासता येते, तो आकडा ३० च्या वर आला तर आणखी एक वर्ष उपकरण ठेवून मग काढतात. मात्र जेल चालू असेल तर त्या आकड्यावर विसंबता येत नाही, तेव्हा डॉक्टर वयावरून ठरवतील.

उपकरण बसवल्यावर पहिल्या काही महिन्यांतले डाग अपेक्षित असतात. पण सगळे शांत झाल्यावर पुन्हा रक्त जाऊ लागले, तर ते दाखवायलाच हवे. उपकरण नसलेल्या भगिनींसाठीही हेच आहे: पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी ‘पुन्हा पाळी आली’ असे समजून घरी बसू नये, त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.

आक्का_गडहिंग्लज
शेवटचे वाक्य आमच्या महिला मंडळाच्या फळ्यावर लिहायला घेतले आहे.